‘एरर नाही ना? मग चालव’ या सल्ल्याविरुद्ध

सी भाषा जिथे जिथे शिकवली जाते, मग ती अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची लॅब असो, बीसीएसचा वर्ग असो की गल्लीतला खासगी क्लास, तिथे एक सल्ला हमखास कानावर पडतो: ‘वॉर्निंग आहे ना, एरर नाही ना? मग चालव.’ हा सल्ला देणारी माणसं बेफिकीर नसतात. त्यांच्याकडे त्यामागचा विचारही असतो. पोरं नवीन आहेत, त्यांना आधी लूप कळू दे, अ‍ॅरे कळू दे, लॉजिक बसू दे. स्क्रीनवर दहा ओळींचा इंग्रजी मजकूर आला की ती बिचकतात आणि विषयच सोडून देतात. कंपायलरचे कडक पर्याय, डीबगर, मेमरी तपासणारी साधनं हे सगळं पुढचं, नोकरीतलं. आणि शेवटी, चुकांशी रात्र रात्र झगडल्याशिवाय कुणी प्रोग्रामर घडत नाही, असंही ते सांगतात.

मला हा विचार मुळापासून चुकीचा वाटतो आणि त्याची किंमत दरवर्षी नवी मुलं मोजतात म्हणून तो खोडून काढणं गरजेचं वाटतं. सी अवघड जाते ती पॉइंटरमुळे, असा सार्वत्रिक समज आहे. पॉइंटर ही कल्पना एका तासात फळ्यावर समजावता येते. अवघड असतं ते हे की सीमधला चुकीचा प्रोग्राम बहुतेक वेळा मुकाट्याने चालतो, आणि त्याला बोलतं करणारी जी साधनं आहेत ती आपण नवशिक्यापासूनच दूर ठेवतो. अनुभवी माणसाकडे सगळी साधनं आणि ज्याला काहीच कळत नाही त्याच्या हातात काही नाही, ही व्यवस्था उलटी आहे.

फॅक्टोरियलचा प्रोग्राम घ्या. प्रत्येकाच्या जर्नलमध्ये तो असतोच. विद्यार्थी इंट घेतो, लूप फिरवतो, ५ टाकतो, १२० येतात, सरांची सही होते. १२ टाकले तर ४७९००१६०० येतात, तेही बरोबर. १३ टाकले की आजच्या संगणकावर बहुधा १९३२०५३५०४ येतात. खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे. बत्तीस बिटांच्या इंटमध्ये २१४७४८३६४७ च्या पुढचं काही मावत नाही, म्हणून वरचा भाग गळून गेला आणि उरलेला छापला गेला. पण त्या आकड्याकडे नीट बघा. तो मोठा आहे, धन आहे, बाराच्या उत्तरापेक्षा जास्त आहे. संशय यावा असं त्यात काहीही नाही. जुन्या टर्बो सीमध्ये इंट सोळा बिटांचा होता, तिथे ८ टाकताच −२५२१६ येत असत. ऋण आकडा पाहून मूल निदान थबकत तरी होतं. यंत्र सुधारलं आणि चूक अधिक बेमालूम झाली.

या प्रोग्रामचं लॉजिक चुकलेलं नाही. लूप बरोबर आहे, गुणाकार बरोबर आहे. ‘आधी लॉजिक’ म्हणणाऱ्या शिक्षकाच्या मोजपट्टीवर याला पैकीच्या पैकी गुण आहेत, आणि उत्तर साफ खोटं आहे. आता हाच प्रोग्राम जीसीसी किंवा क्लँग हा कंपायलर वापरून, अनडिफाइन्ड बिहेविअर सॅनिटायझर चालू करून बांधा. १३ टाकल्याबरोबर तो ओळ क्रमांकासकट सांगतो की ४७९००१६०० गुणिले १३ हे इंटमध्ये बसत नाही. एवढ्या एका वाक्यातून मुलाला डेटा टाइपची मर्यादा जी समजते, ती टाइपचे आकार पाठ करून घेणाऱ्या तक्त्यातून समजत नाही, कारण तो तक्ता प्रश्न पडायच्या आधीच उत्तर देतो. हा सॅनिटायझर जीसीसीमध्ये २०१४ पासून आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि वेगळं काही बसवावंही सहसा लागत नाही. बांधण्याच्या आज्ञेत एक पर्याय वाढवायचा असतो.

दुसरं उदाहरण त्याहून नेहमीचं. दहा विषयांचे गुण साठवायला दहा घरांचा अ‍ॅरे घेतला आणि लूप शून्यापासून ‘दहापेक्षा लहान किंवा समान’ इथपर्यंत फिरवला. अकरावं घर अस्तित्वातच नाही. सी ते विचारत नाही, ज्या जागी ते घर असायला हवं होतं तिथल्या मेमरीत ती लिहून मोकळी होते. पुढे काय होईल हे त्या जागी कोण राहतंय यावर अवलंबून. तिथे काहीच महत्त्वाचं नसेल तर प्रोग्राम बिनबोभाट चालतो. तिथे बेरजेचं व्हेरिएबल असेल तर बेरीज बिघडते. लूपचा आय-च तिथे असेल आणि आपण शून्य लिहीत असू, तर आय पुन्हा शून्य होतो आणि लूप कधीच संपत नाही. मधे एखादा प्रिंटएफ टाकून बघावं, तर कधीकधी कंपायलर व्हेरिएबलांची मांडणी बदलतो आणि दोष गायब होतो. प्रिंटएफ काढला की परत हजर.

विद्यार्थ्याच्या बाजूने याचा विचार करा. घरच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालला, कॉलेजच्या मशीनवर अडला. मित्राने तोच कोड उतरवून घेतला, त्याचा चालला. एक्सटर्नलसमोर उभं राहिल्यावर भलतंच उत्तर आलं. त्याला मिळणारा सल्ला असतो: मशीन बदलून बघ, सॉफ्टवेअर परत टाकून बघ, सगळं पुसून पुन्हा लिही. यातून तो एक गोष्ट पक्की शिकतो, की संगणक लहरी आहे आणि प्रोग्रामिंग हा नशिबाचा खेळ आहे. या क्षेत्रात कुणी काही शिकू शकेल त्यातलं हे सर्वांत घातक आहे. ती पोरं पुढे ‘मला कोडिंग जमत नाही’ असं म्हणत बाहेर पडतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यांच्यासमोर पुरावा ठेवण्याची सोय असूनही कुणी तो ठेवलेला नसतो.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे साधन गूगलच्या अभियंत्यांनी २०१२ मध्ये मांडलं आणि ते लवकरच क्लँगमध्ये आणि २०१३ मध्ये जीसीसीमध्ये आलं. ते अ‍ॅरेच्या दोन्ही अंगांना निषिद्ध पट्टे आखून ठेवतं. प्रोग्रामने पट्ट्यात पाऊल टाकलं की तो तिथेच थांबतो आणि सांगतो: अमुक ओळीवर लिहिलंत, तमुक ओळीवर घोषित केलेल्या ‘मार्क्स’ या अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर लिहिलंत. व्हेरिएबलचं नावसुद्धा सांगतो. त्याआधी, २००२ पासून, ज्युलियन सीवर्ड यांचं व्हॅलग्राइंड होतं. ते हीपवरच्या अशा चुका पकडतं, फक्त प्रोग्राम त्याखाली फार मंद चालतो. विद्यार्थ्याच्या पन्नास ओळींच्या प्रोग्रामला मंदपणाने काय फरक पडतो? ही साधनं ‘मोठ्या प्रोजेक्टची’ म्हणून बाजूला ठेवली जातात, आणि प्रत्यक्षात लहान प्रोग्रामवरच ती सर्वांत सहज वापरता येतात.

वॉर्निंगचा भाग तर याहून सोपा. जीसीसीला ‘डब्ल्यू-ऑल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हे दोन पर्याय दिले की नवशिक्यांच्या नेहमीच्या चुकांपैकी बऱ्याच प्रोग्राम चालवण्याआधीच उघड होतात. स्कॅनएफमध्ये & विसरलं, तर इथे इंटचा पत्ता हवा होता आणि तुम्ही नुसता इंट दिलात, असं स्पष्ट येतं. इफच्या कंसात दोन बरोबर-चिन्हांऐवजी एक पडलं, तर येतं. फंक्शनच्या आतला अ‍ॅरे परत पाठवला, जो फंक्शन संपताच नाहीसा होणार आहे, तर येतं. इथे & विसरलेल्या मुलाला वॉर्निंगशिवाय काय दिसतं? ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द, ओळ क्रमांक नाही, कारण नाही. मग तो फळ्यावरचा प्रोग्राम अक्षर अक्षर ताडून बघत बसतो. याला लॉजिक शिकणं म्हणता येत नाही.

यावर मला सांगितलं जातं की सी घडवणाऱ्यांनी हे लाड केले नव्हते, त्यांनी कोऱ्या टर्मिनलवर काम केलं. इतिहास तसा नाही. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती पीडीपी-११ या यंत्रावर. तिथे एका प्रोग्रामला मिळणारी जागा ६४ किलोबाइटच्या हिशेबातली, त्यामुळे कंपायलरमध्ये सगळ्या तपासण्या कोंबणं शक्य नव्हतं. म्हणून त्या वेगळ्या काढल्या गेल्या. कर्निगन आणि रिची यांचं प्रसिद्ध पुस्तक १९७८ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी त्याच संस्थेत स्टीफन जॉन्सन यांनी लिंट लिहिलं. सी प्रोग्राम वाचून संशयास्पद जागा दाखवणं एवढंच त्याचं काम. भाषा वापरणाऱ्या पहिल्या पिढीला, जगात तिचे सर्वांत जाणकार असलेल्या माणसांना, तपासनीस लागत होता. जागेच्या अडचणीमुळे जे बाहेर ठेवावं लागलं ते आज कंपायलरच्या आत आलं आहे. ते बंद ठेवून शिकवण्याला परंपरेचा आधार नाही.

आपल्याकडची परंपरा वेगळ्या ठिकाणाहून आली आहे. बोर्लंड कंपनीने १९८७ मध्ये टर्बो सी आणलं आणि त्या काळासाठी ते अप्रतिम होतं. संपादन, कंपायल, रन, मदत, सगळं एकाच निळ्या खिडकीत, साध्या पीसीवर आणि डॉसवर. महाराष्ट्रातल्या कितीतरी लॅब, कितीतरी क्लास त्यावर उभे राहिले आणि एका पिढीच्या नोकऱ्या त्यातून झाल्या. त्या साधनाचा अनादर करण्याचं मला काही कारण नाही. पण सीचं पहिलं अधिकृत प्रमाण १९८९ मध्ये आलं, म्हणजे त्या पहिल्या टर्बो सीच्या नंतर. पुढे १९९९, २०११ आणि २०२३ या वर्षांच्या नावाने नवी प्रमाणं झाली. तरीही काही लॅबमध्ये अजून डॉसबॉक्सच्या आत तीच निळी खिडकी उघडली जाते, आणि जिथे नवा कंपायलर आला तिथेही जुन्या सवयी तशाच राहिल्या: व्हॉइड मेन, कोनिओ हेडर, क्लिअर-स्क्रीनची ओळ, शेवटी गेटसीएच. विद्यार्थी लिनक्सवर येतो आणि त्याचा पहिलाच प्रोग्राम कोनिओ सापडत नाही म्हणून अडतो. त्याला वाटतं लिनक्स अवघड आहे.

या सवयींमधली एक मला विशेष सलते, ती म्हणजे एफफ्लश-एसटीडीआयएन. प्रश्न खरा आहे आणि प्रत्येक नवशिक्याला येतो. आधी स्कॅनएफने आकडा वाचला, मग दुसऱ्या स्कॅनएफने ‘हो की नाही’ यासाठी एक अक्षर वाचायला गेलो, तर प्रोग्राम थांबतच नाही, सरळ पुढे जातो. कारण आकड्यानंतर दाबलेलं एंटर इनपुटमध्ये शिल्लक असतं आणि टक्का-सी तेच अक्षर म्हणून उचलतो. उपाय साधा आहे: टक्का-सीच्या आधी अवतरणात एक रिकामी जागा सोडा, म्हणजे स्कॅनएफ मधली रिकामी अक्षरं गिळून मग वाचतो. त्याऐवजी वर्गात सांगितलं जातं, मधे एफफ्लश-एसटीडीआयएन टाका. सीच्या प्रमाणात एफफ्लश हे आउटपुटसाठी आहे. इनपुटवर ते वापरलं तर काय होईल याची प्रमाण काहीच हमी देत नाही. विंडोजवरच्या काही कंपायलरांमध्ये ते चाललं, म्हणून तो ‘उपाय’ झाला. लिनक्सच्या टर्मिनलवर तो चालत नाही. ‘चाललं म्हणजे बरोबर’ हा नियम मानला की असे तोडगे पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातात, आणि मूळ कारण, म्हणजे इनपुट ही अक्षरांची एक रांग आहे आणि प्रत्येक स्कॅनएफ तिच्यातून हवं तेवढंच उचलतो, हे कुणाला समजावलंच जात नाही.

आणि प्रश्नपत्रिका. आय बरोबर आय-प्लस-प्लस अधिक प्लस-प्लस-आय, याचं आउटपुट काय, हा प्रश्न लेखी परीक्षेत, तोंडी परीक्षेत, कॅम्पस मुलाखतीच्या सरावसंचात वर्षानुवर्षं विचारला जातो. याला उत्तर नाही. एकाच विधानात एकच व्हेरिएबल मधे क्रम ठरलेला नसताना दोनदा बदललं तर सीच्या प्रमाणानुसार परिणामाची कुठलीही हमी उरत नाही. एक कंपायलर एक आकडा देईल, दुसरा दुसरा, आणि दोघंही नियमात असतील. ‘डब्ल्यू-ऑल’ लावलं तर जीसीसी या ओळीवर स्वच्छ इशारा देतो. म्हणजे ज्या ओळीबद्दल कंपायलर सांगतोय की हिचा अर्थ ठरलेला नाही, त्या ओळीचा अर्थ सांगण्यासाठी आपण मुलांना गुण देतो आणि जो ‘हे अनडिफाइन्ड आहे’ असं लिहील त्याचे गुण कापतो. हा अन्याय आहे आणि तो शिक्षणाच्या नावाखाली चालू आहे.

आता भीतीचा मुद्दा, कारण तो प्रामाणिक आहे. मजकूर पाहून मुलं बिचकतात हे मी नाकारत नाही. पण ती बिचकतात कारण तो वाचायचा कसा हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. शिकवायचं फार थोडं आहे. पहिली एरर वाचायची, बाकीच्या सोडून द्यायच्या. एक अर्धविराम किंवा कंस राहिला की पुढच्या वीस ओळी कंपायलरला उलट्यासुलट्या दिसतात आणि तो प्रत्येकीबद्दल तक्रार करतो. पहिली दुरुस्त करून पुन्हा बांधलं की उरलेल्या बऱ्याचदा आपोआप जातात. दाखवलेल्या ओळीवर काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघायची. फाइल संपली तिथे एरर आली तर महिरपी कंस मोजायचे. आणि मजकूर कुठल्या टप्प्यावरचा आहे हे ओळखायचं: कंपायलर बोलतोय, लिंकर बोलतोय, की प्रोग्राम चालताना मोडलाय.

हा टप्प्यांचा फरक न सांगितल्याने होणारा गोंधळ तर अगदी टाळता येण्याजोगा आहे. विद्यार्थी मॅथ हेडर घालतो, स्क्वेअर रूटचं फंक्शन वापरतो, आणि लिनक्सवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ असा मजकूर येतो. तो पुन्हा पुन्हा हेडरची ओळ तपासतो; ती तर बरोबर आहे. हेडर फक्त सांगतं की असं फंक्शन आहे आणि ते कसं वापरायचं. त्याचा खरा कोड गणिताच्या लायब्ररीत असतो आणि ती जोडायला आज्ञेच्या शेवटी ‘एल-एम’ लिहावं लागतं. शेवटीच, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि सहसा तोवर जे कमी पडलंय तेच लायब्ररीतून उचलतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ दिसलं की लिंकर, आणि लिंकर म्हटला की एखादी लायब्ररी किंवा एखादी फाइल जोडायची राहिली किंवा नाव चुकलं. एवढं माहीत असलेला मुलगा त्या मजकुराला घाबरत नाही.

मजकूर इंग्रजीत असतो ही अडचण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना जास्त जाणवते, हे खरं आहे. पण कंपायलरचं इंग्रजी म्हणजे मोजक्या शब्दांचा साठा: एक्स्पेक्टेड, अनडिक्लेअर्ड, इनकम्पॅटिबल, इम्प्लिसिट डिक्लरेशन, अनडिफाइन्ड रेफरन्स आणि आणखी काही. एका तासिकेत ते मराठीत समजावून होतात आणि मग आयुष्यभर पुरतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने जीसीसीवरचे सीचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून त्यांच्यासमोरचा मजकूर झाकायचा, हा मला त्यांच्या कुवतीचा अपमान वाटतो.

‘चुकांतून माणूस शिकतो’ हा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी भांडतो आहे. चुकीतून शिकायचं तर ती चूक दिसली पाहिजे, तिचं कारण तिच्याशेजारी दिसलं पाहिजे. दोन फाइलींचा प्रोग्राम घ्या. एका फाइलीतलं फंक्शन नवा नोड बनवून त्याचा पॉइंटर परत देतं, दुसऱ्या फाइलीत ते वापरलंय, पण त्याची घोषणा द्यायची राहिली. जुन्या नियमाने कंपायलर गृहीत धरायचा की अशा अनोळखी फंक्शनकडून इंट येतो. बत्तीस बिटांच्या यंत्रावर काहीच बिघडत नसे, कारण पॉइंटर आणि इंट सारख्याच लांबीचे. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर पॉइंटरचा वरचा अर्धा भाग कापला जातो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी, तीन फंक्शनं पुढे, कोसळतो. रात्रभर त्या तिसऱ्या फंक्शनकडे बघून विद्यार्थी काय शिकणार? त्याची चूक तिथे नाहीच. ही मुभा भाषेच्या प्रमाणातून १९९९ मध्ये काढली गेली, पण कंपायलर नुसती वॉर्निंग देत राहिले, आणि ‘वॉर्निंग आहे ना, चालव’ म्हणणारे चालवत राहिले. अखेर २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये ती सरळ एरर करण्यात आली.

साधनांनी मुलं आळशी होतात, असंही म्हणतात. ओळंबा लावून भिंत बांधणाऱ्या गवंड्याला कुणी आळशी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि ज्यांच्या कष्टाबद्दल शंका घेता येणार नाही ती माणसं काय करतात ते बघावं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०२१ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये, वॉर्निंग आली की बांधणीच थांबावी असा पर्याय आणला. त्याच कर्नलच्या एका प्रतीत २००३ मध्ये कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या होत्या. त्यांत वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का हे तपासल्यासारखं दिसत होतं, पण बरोबर-चिन्ह एकच होतं, म्हणजे प्रत्यक्षात तो क्रमांक शून्य केला जात होता आणि त्या माणसाला यंत्राचे सर्वाधिकार मिळत होते. घुसवणाऱ्याने त्या भागाभोवती जादा कंस घातला होता. असा कंस असला की जीसीसीची वॉर्निंग येत नाही. ज्याला घातपात करायचा होता त्याने आधी वॉर्निंगचा बंदोबस्त केला. सुदैवाने ती प्रत मूळ भांडाराशी जुळेना म्हणून प्रकार उघडकीस आला.

२०१४ मध्ये अ‍ॅपलच्या आयफोन आणि मॅकमधल्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ एकाखाली एक दोनदा पडल्याचं उघडकीस आलं. दुसरी ओळ इफच्या खाली आत सरकवलेली दिसत होती, पण कंस नसल्याने ती इफच्या बाहेर होती आणि दर वेळी चालत होती, त्यामुळे सही तपासण्याचा भाग कधी गाठलाच जात नव्हता. क्लँगमध्ये न पोचता येणाऱ्या कोडबद्दलची वॉर्निंग होती, पण ‘डब्ल्यू-ऑल’मध्ये ती समाविष्ट नव्हती, वेगळी मागावी लागे. पुढे २०१६ च्या जीसीसी ६ मध्ये फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग आली आणि ती मात्र ‘डब्ल्यू-ऑल’मध्येच ठेवण्यात आली. अ‍ॅपलची ही चूक आणि पहिल्या वर्षाच्या मुलाची चूक एकाच जातीची आहे.

गेट्स या फंक्शनची गोष्ट तर प्रत्येक वर्गात सांगितली पाहिजे. ते ओळ वाचतं, पण किती जागा आहे हे विचारतच नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेला मॉरिस वर्म ज्या वाटांनी पसरला त्यांतली एक हीच होती: फिंगर सेवेच्या प्रोग्राममध्ये ५१२ बाइटांची जागा होती आणि गेट्स तिच्याबाहेर लिहीत गेलं. २०११ च्या प्रमाणातून हे फंक्शन काढूनच टाकलं. आज लिनक्सवर ते वापरलं तर कंपायलर बोलतो, आणि लिंकरसुद्धा सांगतो की हे धोकादायक आहे, वापरू नका. तरी जर्नलमधला नाव वाचण्याचा प्रोग्राम गेट्सनेच लिहिला जातो.

हल्ली एक नवा पक्ष तयार झाला आहे. तो म्हणतो, सी सोडाच, रस्ट शिकवा, तिचा कंपायलर अशा चुका होऊच देत नाही. रस्टबद्दल मला आदर आहे. २०१५ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली, २०२२ अखेरीपासून लिनक्स कर्नलनेही तिला जागा दिली, आणि तिचे एररचे मजकूर खरोखर शिकवणारे असतात: मूल्य कुठे हलवलं, नंतर कुठे वापरलं, दोन्ही ओळी बाण काढून दाखवतात, आणि क्रमांक देऊन सविस्तर स्पष्टीकरण मागण्याची सोयही आहे. पण नवशिक्यांचे रस्ट प्रोग्राम पाहा. मालकीची तक्रार आली की जिथे तिथे क्लोन, निकाल तपासायचा कंटाळा आला की जिथे तिथे अनरॅप. प्रोग्राम बांधला जातो, आणि पहिल्या चुकीच्या इनपुटला कोसळतो. कंपायलर काय विचारतोय हे न ऐकता त्याला फक्त गप्प करायचं, ही तीच सीच्या लॅबमध्ये लागलेली सवय आहे. भाषा बदलली म्हणून ती जात नाही.

माझ्या बाजूच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वॉर्निंग कधीकधी निष्कारण येते. ‘डब्ल्यू-ऑल’ सगळं पकडत नाही. तेराचं फॅक्टोरियल आणि अकरावं घर हे दोन्ही त्याच्या हातून निसटू शकतात. सॅनिटायझर फक्त प्रत्यक्ष चाललेली वाट तपासतो. ज्या इनपुटने चूक होते ते टाकलंच नाही तर तो काही बोलणार नाही. सरासरी काढताना दोनऐवजी तीनने भागलं तर कुठलंच साधन ओरडणार नाही. विचार करण्याचं काम विद्यार्थ्याचंच राहतं. पण त्याच्या विचाराचा वेळ विसरलेल्या & मागे जाऊ नये एवढं तरी आपण करू शकतो.

करायचं ते अवघड नाही. लॅबमधली कंपायलची आज्ञा एकदाच नीट ठरवावी: दोन्ही वॉर्निंग पर्याय, डीबगिंगची माहिती, दोन्ही सॅनिटायझर. सही करण्याची अट ‘आउटपुट आलं’ ही न ठेवता ‘एकही वॉर्निंग उरली नाही’ ही ठेवावी. प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न असा असावा की हा बिघडलेला प्रोग्राम, हा त्यावरचा कंपायलरचा मजकूर, आता दोष शोधा आणि कारण लिहा. आय-प्लस-प्लसवाले प्रश्न काढून टाकावेत. आणि ज्या शिक्षकांना हा वाढीव बोजा वाटतो त्यांनी आपल्याच लॅबच्या दोन तासांचा हिशेब करून पाहावा: वीस-पंचवीस मुलं, एक शिक्षक, आणि ‘सर, चालत नाही’ अशा एकामागून एक हाका. त्यातल्या किती हाका कंपायलरने, विचारलं असतं तर, आधीच निकालात काढल्या असत्या? पहिली एरर मोठ्याने वाच, ती कुठल्या टप्प्यावरची आहे ते सांग आणि मग मला बोलाव, असा नियम एखाद्या सत्रात लावून बघावा. हाका कमी होतील, आणि ज्या येतील त्या खऱ्या प्रश्नांच्या असतील, ज्यांच्यासाठी शिक्षकाची गरज असते.